एकोणपन्नास आणि नलवत्तोंबत्तु

दुसरी-तिसरीच्या वर्गात अंकलेखन चालू आहे. बाई म्हणतात, ‘एकोणपन्नास.’ घरी कन्नड बोलणारं एक मूल पाटीवर ५९ लिहितं. शेजारचं दुसरं मूल ‘एक’ आणि ‘पन्नास’ एवढंच पकडतं आणि ५१ लिहून मोकळं होतं. दोघांनाही गुण शून्य. आता या मुलांना संख्या येत नाहीत, असं म्हणायचं का?

कन्नडमध्ये ४९ म्हणजे नलवत्तोंबत्तु. नलवत्तु म्हणजे चाळीस, ओंबत्तु म्हणजे नऊ. जसं लिहायचं तसंच बोलायचं. मराठी मात्र पुढच्या दशकापर्यंत जाते आणि तिथून एक वजा करते. पन्नासाला एक उणे, म्हणून एकोणपन्नास. सोलापूर जिल्ह्यातल्या होटगी, अक्कलकोट, मंद्रूप या पट्ट्यात घरची भाषा कन्नड आणि शाळेची मराठी असलेली मुलं काही कमी नाहीत. तोंडी विचारलेल्या त्या एका प्रश्नात त्यांच्या गणिताबरोबर त्यांच्या मराठीचीही परीक्षा झाली, आणि गुणपत्रकावर ती सगळी गणिताच्या नावाने लागली. चाचणी एका गोष्टीची घ्यायची आणि मोजली जायची दुसरीच, हा परीक्षाशास्त्रातला फार मोठा दोष आहे. तो ओळखायला भाषेची घडण जाणणारा माणूस लागतो. भाषाविज्ञान शिकलेल्यांना काम कुठे मिळतं, या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथेच, होटगीच्या वर्गात आहे.

महाराष्ट्राने हा वाद एकदा जाहीरपणे अनुभवला आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससाठी ‘वीस एक’, त्रेसष्टसाठी ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आली आणि गदारोळ उठला. विधिमंडळापर्यंत विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की जोडाक्षरांनी भरलेली संख्यानावं लहान मुलांना जड जातात आणि दक्षिणेतल्या भाषांत संख्या अशाच सरळ बोलल्या जातात. टीका करणाऱ्यांना मराठीचं वैभव बुडताना दिसलं. मराठीची संख्यानावं टिकायलाच हवीत. पण त्या वादात एक माणूस फारसा बोलताना दिसला नाही, तो म्हणजे कोणत्या नावावर मूल कुठे अडखळतं हे मोजून सांगणारा भाषाभ्यासक. तसे अभ्यासक महाराष्ट्रात गरजेपेक्षा फार थोडे आहेत.

चाचणीच्या कामात भाषाभ्यासक नेमकं काय करतो, हे एका अक्षरावरून पाहता येईल. मराठीत ‘च’ एक, उच्चार दोन. ‘चार’ ही संख्या वेगळी आणि ‘गुरं चार’ मधलं चार वेगळं. तसंच ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. लिहायला एकच, बोलायला दोन. प्रमाण कन्नडमध्ये असा भेद नाही. त्यामुळे कन्नड घरातलं मूल ‘चाक’ हा शब्द ‘चहा’मधल्या च-ने वाचू शकतं. वाचनचाचणी घेणाऱ्याने याला चूक म्हणायचं, की मुलाने अक्षर ओळखलं म्हणून बरोबर धरायचं? हा निर्णय चाचणी छापण्याआधी घ्यावा लागतो, तपासनिसाच्या मर्जीवर सोडून भागत नाही. कोणते शब्द निवडायचे, जोडाक्षरं किती, वाक्य किती शब्दांचं, परिच्छेदातली गोष्ट शहरी मुलालाच ओळखीची आहे का, या प्रत्येक पायरीला भाषेचं ज्ञान लागतं.

प्रथम या मुंबईत सुरू झालेल्या संस्थेच्या पुढाकाराने २००५पासून होणारी ‘असर’ पाहणी मुलांपुढे अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट असा चढता कागद ठेवते. कागद बघितला तर वाटतं, हे कोणीही लिहील. प्रत्यक्षात प्रत्येक भाषेत तो स्वतंत्रपणे बेतावा लागतो, कारण हिंदीतला सोपा शब्द भाषांतर होऊन मराठीत आला की त्याच्यात जोडाक्षर शिरू शकतं. वाचन-अक्षमता ओळखण्यासाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ ही चाचणी तयार केली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत. मराठी आणि कन्नड दोन्ही! होटगीत वाढलेल्या, भाषाविज्ञान शिकलेल्या मुलीला असं काम परकं वाटायचं कारण नाही.

जगात हा व्यवसाय जुना आहे. केंब्रिजने १९१३मध्ये परकीयांसाठी इंग्रजीची परीक्षा सुरू केली तेव्हा तीन उमेदवार बसले होते आणि तिघेही नापास झाले. अमेरिकेतली ईटीएस ही परीक्षा घेणारी संस्था १९४७मध्ये स्थापन झाली. तिची इंग्रजीची टोफेल परीक्षा लाखो भारतीयांनी दिली आहे. तिथे प्रश्न लिहिणारे, प्रश्नांतला सांस्कृतिक पक्षपात शोधणारे आणि निबंध यंत्राने तपासण्याची पद्धत बांधणारे भाषावैज्ञानिक पगारावर असतात. भारतात २०२१च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाला सुमारे ३४ लाख विद्यार्थी बसले आणि ते २२ भाषांत झालं. २०२३पासून एनसीईआरटीत ‘परख’ हे मूल्यमापन केंद्र उभं आहे. बावीस भाषांत एकच प्रश्न सारख्याच काठिण्याचा ठेवणं हे निव्वळ भाषांतराचं काम नव्हे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेत राष्ट्रीय चाचणी सेवा आहे, भाषासामग्रीचा वेगळा विभाग आहे. तिथल्या बऱ्याच जागा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात, हे आधीच ठाऊक असलेलं बरं.

संशोधनाचं क्षेत्र याहून रंजक आहे, आणि इथे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाचं नाव जगाच्या पुस्तकांत आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१मध्ये सांगली जिल्ह्यातल्या ‘कुपवार’ या गावावर निबंध छापला. गावात जैन आणि लिंगायतांची कन्नड, मुसलमानांची उर्दू, बाकीच्यांची मुख्यतः मराठी. शतकानुशतकं एकत्र राहून या भाषांनी शब्द आपापले ठेवले आणि वाक्याचा साचा एकच केला. पाला कापून आणल्याचं एखादं साधं वाक्य तिन्ही भाषांत शब्दाखाली शब्द ठेवून जुळवता येतं. तिथल्या मराठीत माणसं सोडून बाकी सगळं नपुंसकलिंगी होऊ लागलं, कन्नडच्या वळणाने. शाळेतल्या व्याकरणाला ती चूक वाटेल. भाषाविज्ञानात तो जगभर शिकवला जाणारा दाखला झाला. सोलापूरच्या गल्लीत तेलुगूही ठळकपणे ऐकू येते, आणि इथल्या बोलीवर अजून पुष्कळ काम करता येण्यासारखं आहे.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, गावोगावी माणसांना बोलतं करून ध्वनिमुद्रणं केली. जनगणनेच्या भाषाविभागातही असंच काम असतं. २०११मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ भरली. ती चाळून १,३६९ मातृभाषा आणि शेवटी १२१ भाषा ठरल्या. ही चाळणी भाषाभ्यासकांची.

या वाटेला लागायचं तर भाषाविज्ञानात एम.ए. आणि मग नेट, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. नेटमध्ये हा स्वतंत्र विषय आहे, क्रमांक ३१. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. डेक्कन कॉलेजला जायला सोलापूरहून पुण्याची गाडी आहे. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञानाचं केंद्र आहे, तिथे जाणाऱ्या गाड्या होटगीवरूनच वाडीकडे वळतात. आणि प्रवेशाच्या मुलाखतीत घरच्या भाषा विचारल्या, तर कन्नड, मराठी, दखनी, तेलुगू ही चारही नावं सांगावीत, ज्या घरात जी असतील ती, न लाजता.