पोटावरील द्वार

विषमज्वर दूषित पाण्यानें होतो. वाटूरसारख्या गांवीं असा ज्वर अंगावर काढला, तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास रोग्याच्या पोटांत अकस्मात् तीव्र कळ येऊं शकते. लहान आंतड्यास छिद्र पडलेलें असतें. जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गांठावयास जितका विलंब, तितकें विष पोटांत पसरतें. तेव्हां नुसते टांके टिकण्याची शाश्वती नसते. म्हणून शल्यवैद्य आंतड्याचें तोंड पोटावर आणून बसवितात. मल तेथून पिशवींत येतो. बहुधा कांहीं महिन्यांनीं हें द्वार पुन्हां बंद करितां येतें. भारतांत आणि आफ्रिकेंतील गरीब देशांत या शस्त्रक्रियेचें हें एक प्रमुख कारण आहे.

प्राण वांचतात; पुढें प्रश्न उरतो पिशवीचा. १९५४ सालीं डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेन्सन हिनें आपल्या बहिणीसाठीं त्वचेस चिकटणारी पिशवी योजिली. तशा पिशव्या आज मिळतात. पण मजुराच्या घरास तो नित्याचा खर्च झेपत नाहीं. मग फडकीं गुंडाळावीं लागतात, पाचक रसानें त्वचा सोलवटते, आणि रोगी माणसांत बसणें टाळतो.

शस्त्रक्रियेचें यश टांके काढले त्या दिवशीं मोजूं नये. तो मनुष्य पुन्हां पंगतीस बसला, त्या दिवशीं मोजावें. पंगतींत त्यास जागा देणें हें मात्र वैद्याचें नव्हे, घरच्यांचें काम आहे.