हयातीचा दाखला

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात ‘उतारवयातील प्रकृती आणि पेहराव’ या विषयावर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी मला या विषयावर बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मला थोडे हसू आले. मी ना डॉक्टर, ना पैलवान. मी कला शाखेचा पदवीधर, आणि बँकेत कारकून. दिवसभर खुर्चीवर बसून माझेच पोट पुढे आलेले आहे. परंतु विचार करताना लक्षात आले की, या विषयातले थोडेफार मी रोज काउंटरच्या जाळीतून पाहतो आहे. तेवढेच मी आपणांपुढे मांडणार आहे.

दर नोव्हेंबरात आमच्या शाखेत पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. माणूस जिवंत आहे हे त्याने स्वतः येऊन सांगायचे आणि सही करायची. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही संगणकावरची सोय झाली, त्यामुळे काहीजण घरबसल्या दाखला देतात. तरीही आपल्या हिंगोली भागात बरेच लोक बँकेतच येतात. त्यांना चार माणसे भेटतात, चहा होतो, जुन्या नोकरीच्या गप्पा निघतात.

या रांगेत मला दोन प्रकारची माणसे दिसतात. कालपरवापर्यंत इस्त्रीच्या कपड्यात कचेरीत येणारे साहेब निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांतच मळका लेंगा, बटण तुटलेला सदरा आणि झिजलेली स्लिपर अशा अवतारात येतात. विचारले तर म्हणतात, “आता कोणाला दाखवायचंय?” दुसरे असतात ते नोकरीतला वेष सोडायलाच तयार नसतात. तोच टेरिकॉटचा सफारी, तोच घट्ट पट्टा, तेच चामडी बूट. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी गळ्यापर्यंत बटणे लावलेली. पहिल्याने स्वतःला सोडून दिलेले असते आणि दुसऱ्याने कपड्याला धरून ठेवलेले असते. दोघांच्याही चालण्यात मात्र फरक नसतो. दोघेही काउंटरचा आधार घेऊन उभे राहतात.

बंधूंनो, या दुसऱ्या प्रकारात माझे वडील होते. त्यांची हकिगत त्यांच्याच परवानगीने सांगतो.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते नोकरीतच होते. त्यांचे बालपण एका लहान खेड्यात गेले. गावातल्या ठरावीक वाड्यांवरून जाताना आजोबा पायातले पायताण काढून हातात घेत, हे बाबांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून पहिला पगार झाला तेव्हा बाबांनी काळे चामडी बूट घेतले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत आणि निवृत्तीनंतरही रोज सकाळी पॉलिश केल्याशिवाय ते घराबाहेर पडले नाहीत. त्या बुटांत त्यांच्या बापाचा अपमान धुतला जात होता, असेच म्हणा ना.

साठीच्या आत त्यांना मधुमेह झाला. हळूहळू पायाच्या बोटांना बधिरपणा आला. निवृत्तीनंतर काही वर्षांनी एका लग्नाला बूट घालून दिवसभर हिंडले. बूट चावला, पण बधिर पायाला कळले नाही. रात्री मोजा काढला तेव्हा रक्त दिसले. त्यांनी हळद लावली आणि आम्हाला सांगितले नाही. पंधरा दिवसांत बोट काळवंडले. शेवटी करंगळीशेजारचे बोट काढावे लागले. डॉक्टर म्हणाले, “गुरुजी, बोटावर निभावलं. पाय जात होता.”

दवाखान्यातून आल्यावर मी त्यांच्यासाठी रुंद, मऊ, कॅनव्हासचे बूट आणले. बाबांनी ते बाजूला सारले. म्हणाले, “अरे, हे पोरासोरांचं पायताण. मी गुरुजी माणूस. असलं घालून लोकांत जाऊ का?” मी रागावलो, पण रात्री विचार केला तेव्हा वाटले, आपण तरी कशाला रागावतो आहोत? त्यांना बूट नको आहेत असे नव्हे. त्यांना भीती वाटते की, हे काढले तर पुन्हा तो हातात पायताण घेतलेला बाप दिसेल.

आपल्या समाजात कपडा ही साधी गोष्ट कधीच नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे सत्याग्रह परिषदेसाठी जमलेल्या स्त्रियांपुढे बाबासाहेब बोलले, ते लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी. जातीची ओळख सांगणारी नेसण्याची पद्धत सोडा, अंगावरचे जड दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता, आणि अनेक स्त्रियांनी तो लगेच अंमलात आणला. पुढे बाबासाहेबांचा सूट हा आपल्या पिढ्यांचा आदर्श झाला. आपल्या घरातला पहिला शिकलेला माणूस शर्ट खोचून, बूट घालून गावात शिरला तो या बळावर.

परंतु बाबासाहेब स्वतः सुटाचे गुलाम नव्हते, हे आपण विसरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना ते पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट अशा वेषात होते. घरातल्या छायाचित्रांत ते साध्या, सैल कपड्यांतही दिसतात. प्रसंग पाहून वेष, हे त्यांचे धोरण होते. आणखी एक गोष्ट जड मनाने सांगतो. त्यांनाही मधुमेह होता. शेवटच्या वर्षांत पायांच्या दुखण्याने ते बेजार होते, आणि वयाच्या ६५ व्या वर्षी ते गेले. स्वतःच्या देहाकडे पाहायला त्यांना वेळ मिळाला नाही, कारण तो वेळ त्यांनी आपल्याला दिला. आपल्याला पेन्शन आहे, सकाळ मोकळी आहे. आपण कोणती सबब सांगणार?

आता प्रकृतीविषयी. तिशी-चाळिशीनंतर माणसाचे स्नायू हळूहळू कमी होऊ लागतात आणि साठीनंतर ही घट वेगाने होते. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा, असे आपण म्हणतो ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेला हिशेब आम्हा बँकवाल्यांना समजेल इतका सोपा आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटे भरभर चालणे किंवा तत्सम व्यायाम, निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, आणि पासष्टीपुढच्या माणसांनी निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस रोज अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतक्या वेगाने चालावे.

ताकदीसाठी तालमीत जायला नको. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठावे-बसावे. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन वर-खाली कराव्यात. तोलासाठी दाराची चौकट धरून एका पायावर थोडा वेळ उभे राहावे. म्हातारपणी मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. तो प्रसंग टळावा म्हणून हा सराव आहे. ज्यांना छातीत दुखते, दम लागतो, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि हे काही परदेशातून आलेले ज्ञान आहे असे समजू नका. चंक्रमणाचे, म्हणजे चालण्याचे, पाच लाभ तथागतांनी सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आहे. प्रवासाचे बळ येते, परिश्रम सोसतात, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदि याची गोष्ट आहे. तो भरमसाट भात खाऊन धापा टाकीत बुद्धांकडे आला. बुद्धांनी मित आहाराची एक गाथा सांगितली. राजाने एका तरुणाला नेमले आणि जेवणाच्या वेळी ती रोज म्हणायला लावली. हळूहळू राजाचा आहार उतरला, अंग हलके झाले. आपल्या घरी गाथा म्हणणारा तरुण नसेल, पण “बाबा, दुसऱ्यांदा भात नको” असे प्रेमाने म्हणणारी नात तर असते!

प्रकृती पाहायचे एक सोपे साधन शिंप्याच्या गळ्यात असते, ते म्हणजे इंचटेप. आपल्याकडच्या माणसांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, याच्या पुढे गेली की मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो असे डॉक्टर सांगतात. ही कंबर बेंबीच्या जवळपास मोजायची. आम्ही पुरुष पोटाखाली पँट बांधतो आणि “माझा नंबर तोच आहे” म्हणून समाधान मानतो. ती स्वतःची फसवणूक आहे.

आता पेहराव. भिक्षूंनी चीवर कशासाठी वापरावे, याचे चिंतन बौद्ध साहित्यात आहे. थंडी, ऊन, वारा, डास यांपासून रक्षण व्हावे आणि लज्जा झाकावी, एवढ्यासाठी. चिंध्यांचे चीवरसुद्धा गबाळे नव्हते. मगधातील शेतांच्या बांधांचा आकार पाहून आनंदाने त्याची शिवण बसवली, असे विनयात सांगितले आहे. साधेपणा आणि गबाळेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुरुषांनी घरी-बाहेरी सुती, फिक्या रंगाचा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट किंवा सदरा आणि सैल सुती पँट वापरावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेरिकॉटने घाम अंगातच राहतो. कपडा आजच्या अंगाच्या मापाचा शिवावा, वीस वर्षांपूर्वीच्या नव्हे. चार जोड पुरेत, पण रोज धुतलेला असावा, बटणे शाबूत असावीत. दाढी केलेली, नखे कापलेली असावीत. पोरांसारखा टी-शर्ट घातला तरी बिघडत नाही. धोतर नेसणाऱ्याने नेसावे, मात्र चालताना पायात येणार नाही असे. पायताण हे सर्वात महत्त्वाचे. ते संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. पुढे बोटांना जागा असावी, तळवा घसरणारा नसावा. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोज रात्री तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा धरावा, आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवावा.

भगिनींनो, तुमची अडचण वेगळी आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी चालायला सांगितले, मी तिलाही बूट आणले. ती म्हणाली, “बाई, लोकं हसतील की मला! लुगड्याखाली बूट घालून कुठं जाऊ?” तेव्हा मी तिला बारामतीच्या लता भगवान करे यांची माहिती सांगितली. या मजूर बाईंनी साठी ओलांडल्यावर बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात भाग घेतला. पतीच्या उपचारासाठी बक्षिसाचे पैसे हवे होते. नऊवारी नेसून, अनवाणी त्या धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर त्यांच्याच नावाचा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. अनवाणी धावणे ही त्यांची गरिबी होती, तिचे अनुकरण करायचे नाही. पण लुगडे आड आले नाही आणि लाजही आड आली नाही, हे ध्यानात घ्यावे. ज्यांना चालताना पंजाबी ड्रेस सोयीचा वाटतो त्या आईने, सासूने तो घालावा, आणि सुनेने हसू नये.

माझी आई आता पहाटे बूट घालून निघते. शेजारच्या दोघीतिघी तिच्याबरोबर असतात. हसणारे हसून थकले.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाटेल हा विषय आमचा नाही. पण घरातल्या वृद्धांना जुने, विटके कपडे देऊन आपण नवे घेतो ते आपणच ना? दिवाळीत आजोबांच्या मापाचा एक सदरा शिवा. आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याबरोबर चाला. त्यांनी हाताने पायताण उचलले म्हणून आज तुमच्या पायात बूट आहेत.

आणि बाबांचे काय झाले, हे सांगून थांबतो. कॅनव्हासचे बूट दोन महिने कोपऱ्यात पडून होते. एके सकाळी पाहतो तो बाबा ओट्यावर बसून ओल्या फडक्याने ते पुसत होते. म्हणाले, “याला पॉलिश लागत नाही, पण मळका नको.” त्या दिवसापासून ते सुती पँट, पांढरा बुशशर्ट आणि ते बूट अशा वेषात रोज अर्धा तास चालतात. चामडी बूट त्यांनी टाकलेले नाहीत. पेटीत ठेवले आहेत. १४ एप्रिलला बाहेर काढतात, पॉलिश करतात आणि पुन्हा ठेवून देतात.

गेल्या नोव्हेंबरात ते माझ्याच काउंटरवर आले. नियमाप्रमाणे मी विचारले, “हयातीचा दाखला?” ते कशाचाही आधार न घेता ताठ उभे होते. म्हणाले, “बघ ना, चालत आलोय.”



नमो बुद्धाय! जय भीम!