दोन पेरण्यांची तूर
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी मला परराष्ट्र धोरणावर बोलायला सांगितले. मी काही राजदूत नव्हे. कडधान्याच्या व्यापारात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यातली काही मोझांबिकमध्ये. म्हणून मी तुरीवरच बोलणार आहे. लातूरकरांना तूर काय सांगायची! पण तिच्यापायी दोन देशांत काय घडते, ते मी जवळून पाहिले आहे.

मोझांबिकवर १९७५ पर्यंत पोर्तुगालची सत्ता होती. १७५२ पर्यंत तर तिथला कारभार गोव्यातून चालत असे. मी गेलो तेव्हा मला पोर्तुगीज येत नव्हती. पण पगार, चावी, बटाटा, काजू हे आपले शब्द थोड्या निराळ्या रूपात बाजारात ऐकू आले आणि धीर आला.

तुरीला तिथे 'फेजांव बोएर' म्हणतात. उत्तरेकडच्या नांपुला आणि झांबेझिया प्रांतांतले लहान शेतकरी ती पिकवतात, ती मुख्यतः भारतात विकण्यासाठी. त्यांची पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि काढणी जुलैनंतर. म्हणजे आपली तूर शेतात उभी असते, तेव्हा त्यांची तूर नाकाला बंदरातून निघते. निसर्गानेच जमवून दिलेली ही सोयरीक आहे.

२०१५ साली तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर जुलै २०१६ मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला. पहिल्या वर्षी एक लाख टन तूर घ्यायची आणि वाढवत वाढवत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर जायचे, असे ठरले. ही बातमी तिथल्या खेड्यापाड्यांत पोचली. मी स्वतः गावोगाव फिरून 'पेरा, भारत घेणार आहे' असे सांगितले.

त्याच वर्षी आपल्याकडे पाऊस चांगला झाला आणि देशात सुमारे ४८ लाख टन तूर पिकली. बोनससह हमीभाव होता क्विंटलला ५,०५० रुपये, पण बाजारात तेवढाही मिळेना. खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. माझा धाकटा भाऊ ट्रॅक्टर लावून तीन रात्री रांगेत होता. तरी काही पोती घरी परत आलीच.

ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. भावाचा फोन आला, "दादा, आता तरी भाव सुधारेल." त्याच आठवड्यात मी झांबेझियातल्या गुरुए भागात होतो. करारातल्या मालाला मर्यादेतून सूट होती, पण बाकीच्या व्यापाऱ्यांनी हात आखडते घेतले आणि तिथले भाव कोसळले. एका म्हाताऱ्या बाईंनी झोपडीतली पोती दाखवून मला विचारले, की पेरा म्हणून तुम्हीच सांगितले होते ना? माझ्याजवळ उत्तर नव्हते. भावाचे खोटे नव्हते आणि त्या बाईंचेही खोटे नव्हते.

पुढे २०२१ मध्ये हा करार आणखी पाच वर्षांसाठी वाढवला गेला. त्याच वर्षी पोर्तुगीजभाषक देशांच्या समुदायात भारत सहयोगी निरीक्षक झाला. या गोष्टी चांगल्याच आहेत. पण व्यापारातली मैत्री टंचाईच्या वर्षी कळत नाही. तेव्हा गरज आपली असते. ती कळते पीक उदंड येते तेव्हा.

आपल्या शेतकऱ्याला सांभाळायलाच हवे, याबद्दल माझे दुमत नाही. माझे म्हणणे एवढेच, की जे ठरवायचे ते पेरणीआधी ठरवावे. ऑगस्टमध्ये निर्णय झाला तेव्हा आपल्याकडे नवी पेरणी उरकली होती आणि त्यांच्याकडे पीक हाती आले होते. दोघांनाही वेळेवर कळले नाही.

आपल्या शाळेत परीक्षेला काय येणार, ते गुरुजी जूनमध्येच फळ्यावर लिहून देत आणि मार्चपर्यंत त्यात बदल करत नसत. गुरुजी, तो फळा मला त्या झोपडीसमोर फार आठवला.

आता पंगत तयार आहे. वरणात लातूरचीच तूर आहे, असे आयोजक सांगतात.