झोका थांबला की जाग: बाळाला पाळण्यात झोपवताना

रात्री दोन वाजता एका खांद्यावर बाळ आणि कानात इअरफोन अशा अवस्थेत जे ऐकतायत, आजचा भाग त्यांच्यासाठी.

विषय साधा आहे. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि ते आपलं आपण झोपी गेलं, असं होऊ शकतं का? आमच्या राजुरीत हा प्रश्न काढला की उलटा प्रश्न येतो, "घरात एवढी माणसं असताना लेकराला एकटं कशाला झोपवायचं?" आणि खरं सांगू का, प्रश्न चुकीचा नाही. नेटवरचे बहुतेक सल्ले ज्या घरासाठी लिहिलेत, त्या घरात बाळाला वेगळी खोली असते. रिचर्ड फर्बर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांचं १९८५ साली पुस्तक आलं. बाळाला जागं ठेवून बाहेर यायचं, रडलं तर ठरावीक मिनिटं थांबून आत जायचं, धीर द्यायचा, परत बाहेर. आमच्याकडे बाहेर म्हणजे कुठे जाणार? त्याच खोलीत आम्ही, पलीकडे आई. भोवती ऊस, बिबट्याच्या भीतीने दिवस मावळला की दारं बंद. आणि बाळ जरा जास्त रडलं की सकाळी शेजारच्या काकू विचारणार, "रात्री काय झालं होतं गं पोरीला?"

पण खोली वेगळी असणं हा मुद्दाच नाहीये. मुद्दा झोप लागते त्या क्षणाचा आहे.

लहान बाळाची झोप तुकड्यातुकड्यांची असते. एक चक्र साधारण ५०-६० मिनिटांचं, आपलं साधारण ९० चं. चक्र संपलं की हलकी जाग येते. आपल्यालाही येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी आठवतही नाही. बाळ मात्र त्या जागेत झोप लागताना जे होतं ते शोधतं. झोळीच्या झोक्यावर डोळा लागला असेल तर झोका. दूध पिता पिता लागला असेल तर दूध. आमच्या लेकीच्या बाबतीत पंखासुद्धा निघाला! लाइट गेली, पंख्याचा आवाज थांबला, की दोन मिनिटांत ही जागी. उकाडा जाणवायच्याही आधी.

आम्हाला हे करावं लागलं, कारण बायकोची रजा संपत होती. कायद्याने २६ आठवडे मिळतात, त्यातले तीन बाळंतपणाआधीच गेले. म्हणजे लेक सव्वापाच महिन्यांची असताना ती रोज नारायणगावला कामावर जाणार. रात्री चार-पाच वेळा उठून झोळी कोण हलवणार? आईचा खांदा आधीच दुखत होता, माझे कॉल रात्री उशिरापर्यंत. आधी डॉक्टरांना विचारलं. वजन नीट वाढतंय, रात्रीचं एक दूध राहू द्या, बाकी प्रयत्न करा, म्हणाले. चार महिन्यांच्या आत मात्र या भानगडीत पडू नका. तेव्हा पोट लहान असतं आणि दिवस-रात्रीचं गणितही बाळाचं बसलेलं नसतं.

आईने एकच अट घातली: माझ्यासमोर लेकरू रडत ठेवायचं नाही. मग ठरलं असं की किरकिर वेगळी आणि रडणं वेगळं. किरकिर असेल तर घड्याळ लावून दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं फार मोठी असतात, सांगून ठेवतो. कितीदा तरी ती किरकिर म्हणजे झोपेतलीच कुरबुर निघाली, आपण उचललं असतं तर उगाच जागी झाली असती. खरं रडू आलं तर उचलायचं, वाद नाही.

बाकी बदल एका वेळी एकच. आधी दूध सगळ्यात शेवटी असायचं, ते पुढे आणलं: दूध, मग अंग पुसणं, झबलं, दिवा मंद, आजीची अंगाई. पहिला आठवडा झोळीच ठेवली, पण डोळे जड झाले की झोका थांबवायचा. झोप थांबलेल्या झोळीत लागली पाहिजे. नंतर पलंगाला लावून ठेवलेला पाळणा, त्यात थोपटणं. मग थोपटणं बंद, नुसता छातीवर हात. मग हातही नाही, शेजारी बसायचं. सगळ्याला तीनेक आठवडे लागले, आणि मधल्या चार रात्री अशा होत्या की बायको म्हणाली, "राहू दे, मी बिनपगारी रजा टाकते."

पाळण्यात ठेवल्यावर अर्धा-पाऊण तास खेळतच बसली तर १५ मिनिटं उशिरा झोपवून बघा. ऑस्ट्रेलियात ४३ बाळांवर एक अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आला. त्यात ही उशिराची पद्धत आणि थांबून थांबून जाण्याची पद्धत, दोन्हींनी बाळं लवकर झोपी जायला लागली. वर्षभराने पाहिलं तर आईशी असलेल्या ओढीत फरक नव्हता. ४३ म्हणजे काही फार नाहीत, पण आईला सांगायला मला तेवढं पुरलं.

आता जिथे मी अजिबात तडजोड केली नाही ते. बाळ उताणं, गादी घट्ट आणि सपाट, पाळण्यात उशी नाही, दुपटं नाही, खेळणं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हेच सांगते, आणि बाळ आई-बाबांच्याच खोलीत असावं, निदान सहा महिने, असंही सांगते. बघा, म्हणजे काकूंचं म्हणणं तिकडेही आहेच! मोहरीच्या उशीवरून आमच्याकडे बरंच झालं. डोकं गोल व्हायला पाहिजे ना. त्याला उपाय म्हणजे दिवसा जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर पालथं खेळवणं. आणि झोळीत मान छातीकडे दुमडते, कापड तोंडावर येतं, म्हणून कुणी जागं बसलेलं नसताना झोळी नाही. दुपारची झोप अजून झोळीतच होते, आई शेजारी शेंगा निवडत बसते.

सध्या लेक पाळण्यात वीसेक मिनिटांत झोपते, तीनच्या सुमाराला एकदा दूध मागते. लस दिली त्या रात्री ताप होता, तेव्हा सगळे नियम गुंडाळून ती पहाटेपर्यंत खांद्यावरच होती. गाडी परत रुळावर यायला तीन रात्री लागल्या.