वाट ज्याची त्याची, सोबत सर्वांची



देवाकडे जाणारी वाट ज्याची त्यानेच चालायची, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण त्या वाटेला सोबत लागत नाही, असे मात्र नाही. वारकरी पंढरीला दिंडीने जातो. ख्रिस्ती लोक आपल्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतात. आता ही सोबत करायची कशी? त्यासाठी दूर जायला नको. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे घर आपल्या ओळखीचे आहे.

टिळक एकदा आगगाडीने राजनांदगावकडे निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी त्यांचे मन गुंतले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या प्रवाशाने केले ते एवढेच. पुढचे चालणे टिळकांचे.

पण इकडे घर मोडले. लक्ष्मीबाईंच्या पदरात लहान मुलगा. काही वर्षे त्या नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. टिळकांनी सक्ती केली नाही. बाईंनी विचार केला तो स्वतःच्या बुद्धीने आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ही वाट पाहणे सोपे नव्हते हो! आपल्या माणसाने आपल्यासारखेच व्हावे, अन् आजच व्हावे, असे कुणाला वाटत नाही?

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लिहावयास घेतले. १९१९ साली ते वारले, तेव्हा ते अपुरेच होते. उरलेले बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाईंनी. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख टिळकांनीच करून दिली होती. ज्याने वाचायला शिकवले, त्याचेच काम शिकणारीने पुढे नेले. शिक्षक बंधुभगिनींनी हे ध्यानात ठेवावे. उपासनेत एखाद्या म्हातारीला शास्त्रपाठ वाचून दाखवणे, ही लहान सेवा नव्हे.

आता आपल्या गावाकडे वळू. समजा, मंडळीतल्या एका भावाचे मूल गेले. तो उपासनेला येईनासा झाला. त्याला लगेच उपदेश करायला जाऊ नये. आधी त्याच्या ओसरीवर मुकाट बसावे. शेतात खुरपणी राहिली असेल, तर दोघांनी जाऊन ती उरकावी. प्रार्थना त्याला सुचत नसेल, तर त्याच्या वतीने आपण करावी.

आणि दुसरी गोष्ट याहून अवघड. बांधावरून दोन भावांचे भांडण असते. दोघेही एकाच प्रभुभोजनाला बसतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. टिळकांचे मन ज्यात गुंतले, त्याच प्रवचनात ख्रिस्ताने सांगितले आहे की भावाचे मन आपल्याविषयी दुखावले असेल, तर अर्पण तिथेच ठेवावे आणि आधी समेट करून यावे. म्हणजे देवाकडची वाट कधीकधी शेजाऱ्याच्या दारावरून जाते. ते दार कुणी पहिल्याने ठोठवायचे, एवढाच प्रश्न उरतो.

तो आपण ठोठवावा.