झीलकरी : मागें उभा राहणारा गायक



गाण्याच्या बैठकीहून परतलेल्या माणसास आपण प्रथम जें विचारतों तें हें कीं, काल गायलें कोण? उत्तरादाखल एक नांव मिळतें आणि आपली जिज्ञासा तेथेंच संपते. परंतु त्या एका नांवाच्या मागें, दोन पावलें हटून, आणखी दोघेतिघे गात असतात. त्यांनीं तोंड मिटलें, तर पुढच्या गायकाचें गाणें उघडें पडेल. अशा ह्या मागच्या गायकाचा व्यवसाय काय असतो, त्यांत कसब कोणतें लागतें आणि त्याच्या पदरांत काय पडतें, ह्याचा आज थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

आपल्या भाषेनें ह्या माणसास नांवें पुष्कळ दिलीं आहेत. पोवाड्यांत तो झीलकरी, तमाशांत सुरत्या, वारकरी कीर्तनांत टाळकरी आणि कव्वालींत वा चित्रपटांत कोरसवाला. धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा हें गांव तुळजापूरच्या पूर्वेस आहे. त्या टापूंत भवानीचा गोंधळ कोणास नवा नाहीं. तेथें संबळाच्या कडकडाटांत मुख्य गोंधळी कथा सांगतो आणि तुणतुणें धरलेला जोडीदार त्याच्या ओळीचें शेपूट उचलून झील देतो. कथा लोकांच्या ध्यानांत राहते, जोडीदार राहत नाहीं. अफझलखानाच्या वधावर 1659 सालच्या प्रसंगाचा पोवाडा रचणाऱ्या अज्ञानदासाचें नांव इतिहासानें जपलें. शाहिरांच्या मागें झील धरणाऱ्यांचीं नांवें मात्र त्यानें जपलीं नाहींत.

झील धरणें म्हणजे मोठ्यानें ओरडणें, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. शाहीर एका दमांत लांबच लांब चौक म्हणतो. शेवटच्या अक्षरावर त्याचा श्वास संपत आलेला असतो. नेमक्या त्या क्षणीं झीलकऱ्यानें तो स्वर झेलावयाचा असतो. क्षणभर आधीं झेलला तर शब्द तुडवला जातो, क्षणभर उशीर झाला तर मध्यें खड्डा पडतो. शाहीर दम घेऊन पुन्हां चढेपर्यंत सूर खालीं येतां कामा नये आणि तो परत आला कीं आपण विनातक्रार मागें सरावयाचें. शिवाय पट्टी ठरविण्याचा अधिकार ह्याचा नव्हे. पुढचा गायक ज्या पट्टींत गाईल ती आपल्या गळ्यास सोयीची असो वा नसो, तिच्यांतच रात्र काढावयाची. स्वतःचा आवाज उत्तम असून तो दुसऱ्याच्या आवाजांत विरघळवावयाचा, ही ह्या धंद्याची पहिली अट आणि तीच सर्वांत कठीण.

अभिजात संगीतांतही मागें बसून गाणें आहे. पण तेथें त्यास निराळा अर्थ आहे. मोगूबाई कुर्डीकरांच्या मागें तंबोरा घेऊन त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर साथीस बसत. शिष्यास असें बसणें म्हणजे शिक्षणाचा जिना असतो. आज मागें, उद्यां पुढें, असा त्याचा भरंवसा असतो. झीलकऱ्यापुढें असा जिना सहसा नसतो. पोटासाठीं तो ह्या पायरीवर उभा राहतो आणि पुष्कळदां आयुष्य तेथेंच सरतें.

परंतु कधींकधीं ही पायरी ओलांडली जाते. ह्याचें ठळक उदाहरण म्हणजे प्रल्हाद शिंदे. 1933 सालीं सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याच्या एका गरीब दलित कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. आईबाप गांवोगांव गाऊन पोट भरीत आणि लहानगा प्रल्हाद त्यांच्या सुरांत सूर मिसळी. तेव्हां साथ हीच त्याची पहिली शाळा म्हणावयास हरकत नाहीं. पुढें मुंबईकडे आल्यावर प्रसिद्ध कव्वाल इस्माईल आझाद ह्यांच्या ताफ्यांत त्यांस कोरस गाण्याचें काम मिळालें. 1958 सालच्या 'अल हिलाल' ह्या चित्रपटांतील कव्वालीनें देशभर गाजलेले हेच ते आझाद.

कव्वालीचा कोरस ही मोठी करडी तालीम आहे. मुख्य कव्वाल मुखडा टाकतो, बाकीचे टाळीच्या ठेक्यावर तो पुनःपुन्हां उचलतात आणि प्रत्येक आवर्तनास रंग चढवीत नेतात. गर्दीच्या गलक्यांत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोंचवावा कसा, वरच्या पट्टींत आवाज न फाटतां टिकवावा कसा, श्रोत्यांच्या मानेवरून त्यांचें मन ओळखावें कसें, हें सारें तेथें शिकावयास मिळतें. शिंद्यांच्या पुढील गाण्यांतील तो बुलंद, खुला आवाज आणि शब्दांचा स्पष्ट उच्चार ऐकतांना ह्या तालमीची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

पुढें ते स्वतः मुख्य गायक झाले. भक्तिगीतें, भीमगीतें, लोकगीतें, कव्वाल्या असें सारें त्यांनीं गायलें. दत्ता पाटील ह्यांनीं लिहिलेलें आणि मधुकर पाठक ह्यांनीं स्वरबद्ध केलेलें 'पाऊले चालती पंढरीची वाट' हें त्यांचें गाणें आषाढींत ऐकूं आलें नाहीं, असें गांव महाराष्ट्रांत विरळा. येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मंगळवेढें हेंच संत चोखोबांचेंही गांव. तेथें कुसूं कोसळून 1338 सालीं त्यांचा अंत झाला आणि पंढरपुरास त्यांची समाधि झाली ती मंदिराच्या आंत नव्हे, महाद्वाराबाहेर. अस्पृश्य मानलेल्यांस विठ्ठलाचें दार उघडलें तें 1947 च्या मे महिन्यांत, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्या वेळीं प्रल्हाद शिंदे तेराचौदा वर्षांचे असतील. ज्यांच्या समाजास शतकानुशतकें उंबऱ्याबाहेर उभें केलें, त्यांतीलच एका कंठानें पुढें साऱ्या महाराष्ट्रास पंढरीची वाट गाऊन दाखविली. त्याच कंठानें बाबासाहेबांचींही गाणीं म्हटलीं आणि त्या कंठावर कसब चढविणाऱ्यांत एक मुसलमान कव्वाल होता. एका माणसाच्या व्यवसायांत एवढा इतिहास सामावलेला आहे.

23 जून 2004 रोजीं शिंदे निवर्तले. आनंद व मिलिंद हे पुत्र आणि आदर्श हा नातू ह्यांनीं गाण्याचा वारसा पुढें चालविला. परंतु जो कोरसांतून पुढें आला त्याची कथा सांगून जे कोरसांतच राहिले त्यांचा प्रश्न सुटत नाहीं. जुन्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम साडेतीन मिनिटें गाणें मावे. तिच्या कागदी चकतीवर मुख्य गायकाचें नांव येई आणि त्यापुढें 'आणि पार्टी' एवढा एक शब्द जोडला जाई. त्या एका शब्दांत चारपांच माणसें, त्यांच्या तालमी आणि त्यांचीं बिऱ्हाडें कोंबलेलीं असत. ध्वनिमुद्रणास एकच मायक्रोफोन असे, तेव्हां कोरसवाल्यांस दूर उभें करून आवाजाचा तोल साधीत. तो तोल शास्त्रास धरून होता. पण माणसांना मागें ठेवण्याची संवय त्यानंतरही गेली नाहीं. तबकडी खपली तरी ह्यांस त्या दिवसाच्या बिदागीवांचून सहसा कांहीं मिळत नसे. आवाज बसला कीं काम बसलें. आणि कामाच्या पुराव्यादाखल दाखवावयास स्वतःच्या नांवाची एक ओळही नाहीं, अशी त्याची अवस्था.

तेव्हां करतां येण्याजोगें काय आहे? फार मोठें असें कांहीं नको. गांवच्या जत्रेंत, गणेशोत्सवांत वा वार्षिक संमेलनांत कार्यक्रमाची पत्रिका छापतांना तबलजीबरोबर झीलकऱ्याचें व कोरसवाल्याचेंही नांव छापावें. बिदागी ठरवितांना 'ताफ्यासह' असा मोघम करार न करतां प्रत्येकाचा वांटा आधींच बोलून घ्यावा. आणि घरीं गाणें ऐकतांना मुलांस एकदां तरी विचारावें कीं, मुख्य गायक थांबतो तेव्हां सूर कोण धरून ठेवतो? एकदां कान तेथें लागला म्हणजे तेंच गाणें दुप्पट भरलेलें वाटूं लागतें आणि ज्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत, त्यांच्या श्रमाची किंमत आपोआप ध्यानांत येते.