नाहीतर काय झालं असतं?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे 'अर्थशास्त्र, व्यवसाय आणि कायदा यांतील कार्यकारणभाव'. नाव ऐकूनच मागच्या दोन रांगा उठून जातील अशी भीती होती. पण चहाला अजून वेळ आहे, हे माझं नशीब.

विषय जड वाटला तरी तुम्ही सगळे रोज तेच करता. 'माझं नाव वाचलं, म्हणून इंटरव्ह्यूला बोलावलं नाही,' असं आपल्या मोहल्ल्यात ऐकू येतं. 'तुमची मुलं शिकतच नाहीत, म्हणून मागे राहतात,' असं बाहेर ऐकू येतं. दोन्ही वाक्यांत बोलणाऱ्याला खात्री आहे आणि दोन्ही वाक्यं 'म्हणून' या एका शब्दावर उभी आहेत. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझ्या विषयातल्या लोकांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत या 'म्हणून'ची फार कसून तपासणी केली आहे. ती कशी करतात, ते आज सांगते.

आपल्या भाषेत एक म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होतं. आता यात एक प्रश्न जोडा. कावळा बसला नसता, तर फांदी तुटली असती का? सगळा विषय या प्रश्नात आहे. अडचण एवढीच, की कावळा न बसलेलं जग कुणालाच पाहता येत नाही. एकच मुलगी एकाच वेळी शिष्यवृत्ती मिळालेली आणि न मिळालेली अशी दोन्ही असू शकत नाही. म्हणून त्या न दिसणाऱ्या जगाच्या जागी ठेवता येईल अशी दुसरी जोडी शोधावी लागते. जोडी चांगली मिळाली तर उत्तर भरवशाचं. जोडी चुकीची, तर उत्तरही चुकीचं.

पहिलं उदाहरण अर्थशास्त्राचं. किमान वेतन वाढवलं तर मालक माणसं कमी करतात, असं आम्हाला पाठ्यपुस्तकात शिकवलं जायचं. अमेरिकेत न्यू जर्सी या राज्याने १ एप्रिल १९९२ रोजी किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते ४.२५ डॉलरच राहिलं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनिया मिळून ४१० फास्ट फूड दुकानांची वाढीच्या आधी आणि नंतर पाहणी केली. अर्धवेळ कामगार अर्धे धरले, तर न्यू जर्सीत दर दुकानामागे आधी सरासरी २०.४ माणसं होती, नंतर २१.० झाली. नुसतं एवढंच पाहिलं तर फरक नगण्य वाटतो. पण त्याच काळात पेनसिल्व्हेनियात आकडा २३.३ वरून २१.२ वर आला होता. मंदीचे दिवस होते. म्हणजे वेतन वाढलं नसतं, तर न्यू जर्सीतही माणसं कमी झाली असती, असं मानायला जागा होती. पेनसिल्व्हेनिया ही इथली जोडी. निष्कर्ष असा, की या वाढीमुळे नोकऱ्या गेल्याचा पुरावा मिळत नाही.

१९९४ साली हा निबंध छापून आल्यावर मोठं वादळ उठलं. इतर अभ्यासकांनी पगारपत्रकं तपासून उलटा निष्कर्ष काढला. मग कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदी घेऊन पुन्हा हिशोब मांडला. वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण वाद कसला होता ते पाहा. जोडी योग्य आहे का, मोजणी नीट झाली का, यावर माणसं भांडत होती. तू कुठल्या पक्षाचा, तू कुणाच्या बाजूचा, यावर नाही. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

दुसरं उदाहरण धंद्याचं. तुमच्यापैकी काहींच्या घरी कपड्याचं नाहीतर चपलांचं दुकान असेल. ईदच्या आधी पंधरा दिवस मोबाइलवर जाहिरात दिली, विक्री दुप्पट झाली. जाहिरातवाला म्हणणार, बघा, पैसे वसूल! पण ईदच्या आधी विक्री तशीही वाढते. जाहिरात दिली नसती तर किती वाढली असती, हे तो सांगत नाही. त्याला ते सांगण्यात फायदाही नाही.

ईबे या मोठ्या कंपनीने हा प्रश्न स्वतःलाच विचारला. इंटरनेटवर कुणी 'ईबे' असं शोधलं, की वर कंपनीची जाहिरात दिसायची आणि प्रत्येक क्लिकमागे कंपनी पैसे मोजायची. २०१२ साली त्यांनी काही शोधयंत्रांवर या जाहिराती बंद केल्या आणि गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या. काय झालं? जाहिरातीवरून येणारे जवळजवळ सगळे लोक, ९९.५ टक्के, खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. ज्यांना दुकानात यायचंच होतं, त्यांना रस्ता दाखवायचे पैसे कंपनी भरत होती. पुढच्या चाचणीत असंही दिसलं, की जाहिरातीचा उपयोग नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर होतो, पण खर्च मुख्यतः नेहमीच्या गिऱ्हाइकांवर होत होता. ही चाचणी छोट्या दुकानालाही जमते. दोन वस्त्या निवडा, एका वस्तीत जाहिरात द्या, दुसरीत देऊ नका, आणि दोन्हीकडून किती गिऱ्हाईक आलं ते वहीत लिहा.

आता कायद्याकडे येऊ. इथे प्रश्न आणखी एक पायरी पुढे जातो, कारण न्यायालयाला कारण शोधून थांबता येत नाही, कुणाला जबाबदार धरायचं तेही ठरवावं लागतं. मुंबईतल्या एका रंगाच्या कारखान्याचा खटला कायद्याचे विद्यार्थी हमखास वाचतात. त्या कारखान्यात एकाच खोलीत बर्नर पेटत होते आणि जवळच वार्निश, टर्पेंटाइनचा साठा होता. गरम मिश्रण पुरतं निवायच्या आत एका कामगाराने त्यात घाईने टर्पेंटाइन ओतलं. फेस उसळला, आग लागली, ७ कामगारांचा जीव गेला. खालच्या न्यायालयांनी व्यवस्थापकाला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोषी ठरवलं होतं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की मृत्यूचं थेट, निकटचं कारण ते घाईने ओतणं आहे. साठा तिथे ठेवू देणं हा निष्काळजीपणा खरा, पण मृत्यूचं ते थेट कारण नाही. मृत्यू घडवल्याच्या आरोपातून व्यवस्थापक सुटला. आगीच्या बाबतीत निष्काळजी राहिल्याची शिक्षा मात्र कायम राहिली.

तुम्हाला हा निकाल पटेल किंवा पटणार नाही. मला स्वतःला तो अपुरा वाटतो. बर्नरशेजारी साठा नसता, तर त्या कामगाराची चूक सात जणांच्या जिवावर बेतली असती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पण कायद्याची गरज समजून घ्या. 'हे नसतं तर ते झालं नसतं' अशा कारणांची साखळी मागे मागे नेत गेलो, तर बर्नर विकणारा दुकानदारही गुन्हेगार ठरेल. म्हणून कायदा साखळीत कुठेतरी रेघ मारतो. ती कुठे मारायची, हे माणसंच ठरवतात. म्हणूनच त्यावर बोलण्याचा हक्क तुम्हाला आणि मलाही आहे.

आता पहिल्या वाक्याकडे वळू. नावामुळे बोलावणं येत नाही, हे तपासायचं कसं? एका अर्जावरून कधीच कळणार नाही. शंभर अर्जांतून नाकारला गेलेला मुलगाही खात्रीने सांगू शकत नाही, कारण दुसरं नाव असतं तर काय झालं असतं, हे त्याला दिसत नाही. मग अभ्यासकांनी युक्ती केली. एकसारख्या शिक्षणाचे, एकसारख्या अनुभवाचे बायोडेटा बनवायचे, चिठ्ठी टाकावी तशी त्यांवर नावं टाकायची आणि पाठवून द्यायचे. बाकी सगळं सारखं असल्यामुळे फरक पडला, तर तो नावाचाच. अमेरिकेत मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोमध्ये असे जवळजवळ ५००० अर्ज पाठवले. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे १० अर्जांमागे एक बोलावणं आलं. काळ्या वाटणाऱ्या नावांना त्यासाठी सुमारे १५ अर्ज करावे लागले.

भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज पाठवले. त्यांचा निबंध २००७ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत बोलावणं येण्याचा संभव दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश निघाला, मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. शिक्षण तेच, नाव वेगळं. 'तुम्ही शिकत नाही म्हणून' या वाक्याला हे आकड्यांतलं उत्तर आहे.

पण मी शिक्षिका आहे, तेव्हा पुढचं पानही वाचून दाखवते. २००९ साली अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांचा दिल्ली परिसरातला असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीवरून फरक आढळला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गीय नावांना स्पष्ट फटका बसला. मुस्लिम नावांविरुद्ध मात्र भेदभावाचा पुरावा मिळाला नाही. दोन अभ्यास, दोन उत्तरं. आवडतो तो निबंध खिशात ठेवायचा आणि दुसरा फाडून टाकायचा, हा मोह दोन्ही बाजूंना होतो. तो टाळा. काम कोणतं, शहर कोणतं, माणसांची टंचाई होती की गर्दी, यावर नावाचा परिणाम बदलू शकतो. प्रत्येक दार बंद आहे असं धरून जो अर्जच करत नाही, तो उघडं दारही स्वतःहून बंद करतो.

शिवाय समूहाचा आकडा न्यायालयात एका माणसाच्या कामी येईलच असं नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या दोन हजारांहून अधिक खुनांच्या खटल्यांचा अभ्यास झाला होता. इतर बाबी जमेस धरूनही, मृत व्यक्ती गोरी असेल तर फाशीचा संभव ४.३ पट निघाला. वॉरन मॅकक्लेस्की या काळ्या आरोपीने तो अभ्यास सर्वोच्च न्यायालयासमोर ठेवला. १९८७ साली ५ विरुद्ध ४ मतांनी त्याचं म्हणणं फेटाळलं गेलं. तुझ्या खटल्यात, तुला शिक्षा देणाऱ्यांनी हेतुपुरस्सर भेदभाव केला हे दाखव, असं न्यायालय म्हणालं. १९९१ साली त्याला देहदंड दिला गेला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती पॉवेल यांनी निवृत्तीनंतर सांगितलं, की आपलं मत आता आपण बदललं असतं.

हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? कारण चुकलं की उपाय चुकतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात २००१ च्या जनगणनेवरून मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के आणि देशाची सरासरी सुमारे ६५ टक्के दिली आहे. जिथे मूल शाळेतूनच गळतं, तिथे उपाय शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हाच. जिथे शिकलेला मुलगा दारावर अडतो, तिथे आणखी एक पदवी देऊन काय होणार? तिथे दाद मागण्याची जागा लागते. त्याच समितीने समान संधी आयोगाची शिफारस केली होती. खासगी नोकरीतल्या भेदभावासाठी सर्वंकष कायदा आपल्याकडे आजही नाही.

आणि उपाय हासुद्धा एक 'म्हणून'च असतो. नाव झाकून अर्ज घ्या म्हणजे भेदभाव संपेल, हे ऐकायला किती सरळ वाटतं! फ्रान्समध्ये सरकारी रोजगार सेवेने हे करून पाहिलं. प्रयोगात सामील झालेल्या कंपन्यांकडून स्थलांतरित घरांतल्या उमेदवारांना बोलावणी उलट कमी झाली. ज्या कंपन्या आपणहून सामील झाल्या, त्या बहुधा आधीच या उमेदवारांकडे सहानुभूतीने पाहत होत्या. नाव झाकल्यावर बायोडेट्यातल्या उणिवा समजून घेण्याचं कारणही झाकलं गेलं. हेतू चांगला होता, पण परिणाम मोजला नसता तर हे कळलंच नसतं.

तेव्हा इथून जाताना दोन सवयी घेऊन जा. कुणीही, आपला असो वा परका, 'म्हणून' म्हणाला, की विचारा, नाहीतर काय झालं असतं? आणि तुलना कुणाशी करताय? दुसरी सवय नोंदीची. अर्ज कुठे केला, कोणत्या तारखेला, पात्रता काय मागितली होती, उत्तर काय आलं, हे लिहून ठेवा. तुमच्या गटातल्या वीस जणांनी वर्षभर एवढं केलं, तर त्यातून लगेच काही सिद्ध होणार नाही. पण प्रश्न नेमका कुठे आहे हे दिसू लागेल आणि पुढच्या अभ्यासकाला सुरुवात करायला जागा मिळेल. तुमच्यातूनच तो अभ्यासक निघाला, तर मला आनंद होईल.

आता चहा येईल, त्याआधी प्रश्न विचारा. माझं म्हणणं खोडून काढणारे आधी.